रेडवूडच्या जंगलात आजी-नातवंडांसह

आपल्या घरांत जंगल हा शब्द फारसा आनंदाने उच्चारला जात नाही. आमच्या आई-आजीच्या पिढीला जंगल माहीत होते ते जळणासाठी. भल्या पहाटे निघायचे, काटक्याकुटक्या गोळा करायच्या, मोळी बांधायची आणि ऊन चढायच्या आत गाव गाठायचे. वाटेत फॉरेस्ट गार्ड भेटला तर मोळीही जायची आणि कोयताही जायचा. शिव्या मिळायच्या त्या वेगळ्याच. अशा बाईला कुणी म्हटले की, चला, रविवारी जंगलात नुसते फिरायला जाऊ, तर तिला हसूच येणार. काम नसताना रानात हिंडणे ही पोट भरलेल्यांची हौस, अशी आपली समजूत झालेली आहे आणि त्या समजुतीला कारणही आहे.

पण आता आपली मुले शिकली. कुणी इंजिनिअर झाले, कुणी संगणकाच्या नोकरीनिमित्त अमेरिकेत कॅलिफोर्नियाला जाऊन स्थिरावले. सुनेचे बाळंतपण असो की नातवंडांची शाळा, गावाकडच्या आजी-आजोबांना चार-सहा महिन्यांसाठी बोलावणे येते. तिकीट येते, व्हिसा होतो, विमानतळावर हारतुरे होतात. तिथे गेल्यावर मात्र काय होते? मुलगा-सून सकाळी कामावर, नातवंडे शाळेत आणि म्हातारी माणसे बंद घरात. भाषा येत नाही म्हणून शेजारी बोलायची सोय नाही. बस कुठून सुटते ठाऊक नाही. गुडघे दुखतात म्हणून लांब जायचे धाडस नाही. भाकरी-भाजी करायची, टी.व्ही. पाहायचा आणि परतीच्या तारखेचे दिवस मोजायचे. आमच्या ओळखीतल्या अनेक घरांतून आम्ही हेच ऐकले आहे. परत आल्यावर, काय पाहिलेत, असे विचारले की म्हणतात, "पाहायचं काय? चार भिंती तिथंही तशाच."

२०२५ च्या मे महिन्यात शिल्लक रजा काढून आम्ही सहकुटुंब धाकट्या बहिणीकडे फ्रिमॉंट गावी गेलो, तेव्हा आमची आई तिथे तीन महिन्यांपूर्वीच पोहोचलेली होती. तिचीही अवस्था याहून वेगळी नव्हती. एरवी गल्लीतल्या दहा घरांची खबर ठेवणारी बाई, पण बोलणे कमी झाले होते, जेवण कमी झाले होते. बहीण काळजीने म्हणाली, "दादा, डॉक्टर म्हणतात आईला रोज चालवा. पण ती दाराबाहेर पाऊल टाकत नाही." त्यावर उपाय म्हणून जे ठिकाण ठरले, त्याची माहिती आज आम्ही वाचकांना देणार आहोत. ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांना ती उपयोगी पडेल आणि ज्यांची नाहीत त्यांनाही एका अद्भुत झाडाची ओळख होईल.

हे झाड कसले?

सॅन फ्रान्सिस्को शहरातून गोल्डन गेट पूल ओलांडून उत्तरेला साधारण बारा मैल गेले की मरीन जिल्ह्यात डोंगराच्या एका खोल घळीत म्युअर वूड्स नावाचे राखीव जंगल लागते. क्षेत्र सुमारे साडेपाचशे एकर. त्यात रेडवूड, म्हणजे तांबड्या लाकडाचे, जुने अस्पर्श वृक्ष उभे आहेत. सूचिपर्णी जातीचे हे झाड जगातले सर्वांत उंच झाड होय. म्युअर वूड्समधले सर्वांत उंच झाड २५८ फुटांच्या आसपास आहे. म्हणजे पंचवीस मजली इमारत डोळ्यांपुढे आणावी. कॅलिफोर्नियाच्याच उत्तर भागात २००६ साली सापडलेले हायपेरिअन नावाचे झाड तर ३८० फूट भरले. लोकांनी गर्दी करून त्याच्या बुंध्याभोवतीची जमीन तुडवली म्हणून तिकडे जायला आता मनाई आहे.

म्युअर वूड्समधली बहुतेक मोठी झाडे सहाशे ते आठशे वर्षांची आहेत. एवढ्या मोठ्या झाडाचे फळ मात्र ऑलिव्हच्या फळाएवढे, आपल्याकडच्या बोराएवढे, आणि बी टोमॅटोच्या बीएवढे. हे भाचीने वाचून दाखवले तेव्हा आम्हाला प्रथम खरे वाटले नाही.

दुसरे नवल मुळांचे. आपल्याला वाटते, एवढा उंच वृक्ष म्हणजे मुळे पाताळात गेलेली असणार. तसे मुळीच नाही. मुळे जमिनीत दहा-तेरा फुटांपलीकडे जात नाहीत. ती आडवी साठ-ऐंशी फूट पसरतात आणि शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात. वादळ आले की एकट्याने उभे राहायचे नसते, सगळ्यांनी मिळून उभे राहायचे असते. संघटनेवर आम्ही इतकी भाषणे ऐकली आणि थोडीफार केलीही, पण याहून सोपे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

तिसरी गोष्ट पाण्याची. तिथला पावसाळा आपल्या उलटा. पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. मग झाडे जगतात कशी? तर उन्हाळ्यात समुद्रावरून धुके आत येते. उंच फांद्यांवरच्या बारीक पानांना ते अडकते, त्याचे थेंब होतात आणि खाली टपटपत राहतात. झाड स्वतः पाणी पिते आणि खालच्या नेच्यांनाही पाजते. म्हणूनच हे झाड समुद्रकाठच्या धुक्याच्या पट्ट्यातच वाढते, फार आत गेले की सापडत नाही.

साल फूटभर जाड असू शकते आणि तिच्यात असलेल्या द्रव्यामुळे कीड सहसा लागत नाही, आगही लवकर धरत नाही. जुन्या वणव्यांच्या काळ्या खुणा अजून कित्येक बुंध्यांवर दिसतात. मोठे झाड जळाले वा पडले तरी त्याच्या बुडख्याला चहूबाजूंनी नवे धुमारे फुटतात आणि पुढे त्यांचीच मोठी झाडे होतात. गोल रिंगणात उभी असलेली झाडे दिसली की समजावे, मधली म्हातारी गेली आणि ही तिची पोरे. हे भाच्याला सांगितले तर चार वर्षांचा तो पोरगा प्रत्येक रिंगणापाशी थांबून "यांची आजी कुठे गेली?" असे विचारू लागला. मग खरी आजी शेजारीच आहे म्हणून सगळे हसले.

आईचा प्रश्न

तिथे चालायची मुख्य वाट ओढ्याच्या काठाने जाते. काही भाग डांबरी, काही लाकडी फळ्यांचा. चढउतार नाहीच म्हटले तरी चालेल. बाबागाडी जाते, चाकाची खुर्चीही जाते. ओढ्यावर एकामागून एक चार पूल आहेत. दुसऱ्या पुलावरून वळलात तर अर्धा मैल होतो आणि अर्धा तास लागतो. तिसऱ्या पुलावरून वळलात तर एक मैल, म्हणजे दीड किलोमीटरहून थोडे अधिक, नि तास लागतो. चौथ्यापर्यंत जाऊन आलात तर दोन मैल आणि दीड तास. जाताना एका काठाने जावे, येताना दुसऱ्या काठाने यावे. ज्याला जेवढे झेपेल त्याने तेवढे चालावे, ही सोय आम्हाला फार आवडली. वाटेत बसायला बाके आहेत.

आईने आधीच बजावले होते, "मी पहिल्या पुलाशी बसते, तुम्ही या जाऊन." पहिला पूल आला आणि ती बसली नाही. ती वर पाहत नव्हती. आम्ही सगळे माना मोडून शेंडे शोधत होतो आणि तिचे लक्ष खाली. एक भलेमोठे झाड आडवे पडलेले होते, त्यावर शेवाळ चढलेले, नेचे उगवलेले. ती तिथे उभी राहिली आणि म्हणाली, "अरं, एवढं लाकूड पडलंय. कुणी नेत न्हाई का?"

नेत नाहीत. उचलायला बंदीच आहे. पडलेले झाडही जंगलाचेच, असा तिथला नियम. ते कुजते, त्यावर किडेमुंग्या, बुरशी, नवी रोपे जगतात. ओढ्यात पडलेल्या ओंडक्यांच्या आडोशाला माशांची पिल्ले वाढतात. त्या ओढ्यात कोहो सामन जातीचा मासा हिवाळ्यात समुद्रातून अंडी घालायला येतो आणि आता तो तिथे नामशेष व्हायच्या बेतात आहे. म्हणून लाकूड जागचे हलवत नाहीत.

हे आईला समजावून सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आम्ही नेत होतो ती हौसेनं न्हाई नेत." आम्ही म्हटले, ते आम्हाला ठाऊक आहे. इतक्यात समोरून गणवेशातला रेंजर आला. तपकिरी टोपी, हिरवी पॅंट. आईने नकळत पदर सावरला आणि वाटेच्या कडेला सरकली. पन्नास वर्षांपूर्वीची सवय. रेंजर थांबला, हसून "गुड मॉर्निंग" म्हणाला आणि पोरांना विचारू लागला की, पिवळी गोगलगाय दिसली का? तो पुढे गेल्यावर आई म्हणाली, "ह्यो इथला गार्ड? काहीच बोलला न्हाई." त्या दिवशी ती तिसऱ्या पुलापर्यंत चालली. गुडघ्याला पट्टा होता, मधे दोनदा बसली, पण चालली.

ती पिवळी गोगलगायही सांगण्यासारखी आहे. तिला शंख नसतो, केळ्यासारखी पिवळी असते म्हणून तिला बनाना स्लग म्हणतात. हाताएवढी लांब होऊ शकते. ती पडलेला पाला खाते आणि त्याची माती करते. रेडवूडच्या मोठेपणात या क्षुद्र जीवाचाही वाटा आहे.

हे जंगल वाचले कसे आणि कुणी वाचवले?

एके काळी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सुमारे वीस लाख एकरांत रेडवूडचे जुने जंगल होते. १८४९ च्या सुमारास सोने सापडले आणि माणसांची झुंबड उडाली. घरे, धक्के, रेल्वे, सगळ्याला लाकूड लागले. आज त्या जुन्या जंगलातले जेमतेम पाच टक्के उरले आहे. म्युअर वूड्सची घळ अडचणीची होती, ओंडके बाहेर काढणे कठीण, म्हणून ती मागे राहिली.

१९०५ साली विल्यम केंट व त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी ही ६११ एकर जागा ४५ हजार डॉलरला विकत घेतली. पुढे एका पाणी कंपनीने तिथे धरण बांधण्यासाठी कोर्टामार्फत जागा मागितली. तेव्हा केंट दांपत्याने त्यातली २९५ एकर जमीन सरकारलाच देऊन टाकली आणि ९ जानेवारी १९०८ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ती राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केली. केंट यांच्या आग्रहावरून निसर्ग-लेखक जॉन म्युअर यांचे नाव जंगलाला देण्यात आले. १९३० च्या दशकात मोठी मंदी आली, तेव्हा सरकारने बेकार तरुणांची पथके उभारून इथल्या वाटा व बांधकामे करून घेतली. १९ मे १९४५ रोजी, संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन करण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोत जमलेले निरनिराळ्या देशांचे प्रतिनिधी नुकतेच दिवंगत झालेले राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना श्रद्धांजली वाहण्यासाठी याच जंगलात आले होते. कॅथीड्रल ग्रोव्ह नावाच्या त्या भागात आजही मोठ्याने बोलायचे नाही, असा नियम आहे.

इथवरची हकिकत कुठल्याही माहितीपुस्तकात मिळते. परंतु आम्ही गेलो तेव्हा इतिहासाच्या फलकावर काही पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या दिसल्या. २०२१ साली तिथल्या रेंजर लोकांनीच त्या लावल्या होत्या. मूळ फलकावर जे राहून गेले ते त्यांनी त्याच फलकावर लिहून जोडले होते. या जमिनीवर कोस्ट मिवोक जमातीचे लोक हजारो वर्षे राहत होते, ते आधीच्या फलकावर नव्हते. १९०४ साली हे जंगल वाचवण्याची पहिली मोहीम सॅन फ्रान्सिस्कोतील स्त्रियांच्या कॅलिफोर्निया क्लबने काढली होती, त्याही नव्हत्या. आणि विल्यम केंट पुढे अमेरिकेच्या संसदेत गेले तेव्हा त्यांनी आशियाई लोकांविरुद्ध राजकारण केले, आशियातून आलेल्यांना जमीन मिळू नये म्हणून प्रचार केला, हेही नव्हते.

वाचकहो, हा मुद्दा आपल्याशी थेट संबंधित आहे. कॅलिफोर्नियात १९१३ आणि १९२० साली असे कायदे झाले की, जे अमेरिकेचे नागरिक होऊ शकत नाहीत त्यांना शेतजमीन घेता येणार नाही. त्यांचा रोख जपानी, चिनी आणि हिंदुस्थानातून गेलेल्या शेतकऱ्यांवर होता. १९२३ साली भगतसिंग थिंड नावाच्या पंजाबी गृहस्थाचे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. या गृहस्थाने अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेली. त्याच्या बाजूने मांडले गेले काय, तर हा उच्चजातीय आर्य आहे, म्हणून याला गोरा समजावे. जातीचा मोठेपणा सातासमुद्रापार नेऊन नागरिकत्व मागितले. न्यायालयाने ते मानले नाही. तिथल्या वर्णभेदापुढे इथली जात उपयोगी पडली नाही. हिंदी माणसाला अमेरिकेचे नागरिकत्व मिळण्याची वाट १९४६ सालच्या कायद्याने उघडली आणि जमिनीविषयीचा तो कायदा १९५२ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवला.

एवढेच नव्हे, १९१८ साली रेडवूड वाचवण्यासाठी जी संस्था स्थापन झाली तिच्या संस्थापकांपैकी मॅडिसन ग्रँट हा गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाचा प्रचारक होता. त्यावर त्याने १९१६ साली पुस्तक लिहिले. झाडे वाचवावीत असे त्याला वाटे आणि काही माणसे कमी प्रतीची आहेत असेही वाटे. त्याच्या नावाची स्मारकशिला एका उद्यानात होती, ती २०२१ साली काढण्यात आली.

मग केंट यांचे दान खोटे मानायचे का? आम्हाला तसे वाटत नाही. त्यांनी जमीन दिली म्हणून झाडे उभी आहेत, हे खरे. ज्यांना त्यांनी जमीन नाकारली त्यांच्याच जातकुळीची माणसे आज त्या सावलीत चालतात, हेही खरे. दोन्ही गोष्टी एकाच फलकावर लिहिलेल्या असाव्यात, इतकेच आमचे म्हणणे. दुर्दैवाने तसे राहिले नाही. आम्ही परतल्यावर दोनच महिन्यांनी, जुलै २०२५ मध्ये, त्या पिवळ्या चिठ्ठ्या काढून टाकण्यात आल्या. अमेरिकन इतिहासाची कमीपणा आणणारी मांडणी सरकारी फलकांवर नको, असा तिथल्या नव्या सरकारचा आदेश होता. म्हणून तिकडे जाणाऱ्या आजी-आजोबांनी आणि आई-बापांनी हा भाग मुलांना आपल्या तोंडाने सांगावा. फलकावर नसलेला इतिहास घरातूनच पुढे जात असतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

खर्चाचा हिशेब

हिशेब मांडणे हा आमचा पेशाच, म्हणून तोही देतो. म्युअर वूड्सचे प्रवेशशुल्क सोळा वर्षे व त्यावरील व्यक्तीस १५ डॉलर आहे. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना काही नाही. पाच मोठी माणसे असतील तर ७५ डॉलर आणि गाडी लावण्याचे वेगळे दहाएक डॉलर. आपल्या पैशात सात हजारांच्या वर जाते. तिथे कायम राहणाऱ्यांसाठी राष्ट्रीय उद्यानांचा ८० डॉलरचा वार्षिक पास मिळतो. पासधारकासह चार मोठी माणसे त्यावर आत जातात आणि वर्षभर इतर उद्यानांतही तो चालतो. मुलगा-सून हिंडणारे असतील तर पास परवडतो. दर बदलत असतात, तेव्हा निघण्यापूर्वी पाहून घ्यावे.

गाडीची जागा आधी राखून ठेवल्याशिवाय तिथे जाता येत नाही. २०१८ सालापासून हा नियम आहे. स्वतःची गाडी नसेल तर ठराविक दिवशी शटल बस असते, तिचेही आरक्षण आधी करावे लागते. जंगलात मोबाइल चालत नाही. म्हणून आरक्षणाचा कागद छापून घ्यावा किंवा फोनमध्ये उतरवून ठेवावा आणि घरच्यांना भेटायची जागा आधीच ठरवून द्यावी.

ज्यांना हा खर्च जड वाटतो त्यांनी दुसरी दोन जंगले लक्षात ठेवावीत. उत्तरेला ग्वेर्नव्हिल गावाजवळ आर्मस्ट्राँग रेडवूड्स हे राज्य सरकारचे राखीव जंगल आहे, ८०५ एकरांचे. लाकूडतोडीमुळे या गावाला एके काळी 'स्टंपटाउन' म्हणजे बुडख्यांचे गाव म्हणत. जवळच्या या वनाची खरेदी १९१७ साली तिथल्या मतदारांनी मते देऊन मंजूर केली. तिथले सर्वांत उंच झाड ३१० फुटांवर आहे. गाडी आत नेली तर १० डॉलर पडतात. दाराबाहेर उतरून पायी गेले तर काहीच पडत नाही आणि वाटही सपाट आहे. २०२० च्या वणव्याची झळ या जंगलालाही लागली होती, त्याच्या खुणा दिसतात. दक्षिणेला सांता क्रूझजवळ हेन्री कॉवेल उद्यानात पाऊण मैलाहून थोडी मोठी, सपाट, गोल वाट आहे. लहान मुले आणि म्हातारी माणसे असतील तर ती फारच सोयीची.

जाताना लक्षात ठेवा

मे-जूनचा महिना म्हणून नुसत्या साडी-शर्टावर जाऊ नये. झाडांखाली ऊन पोहोचत नाही आणि गारठा असतो. स्वेटर, कानटोपी घ्यावी. पायात चपला नकोत, बूट हवेत. आईने साडीवर पोरीचे कॅनव्हासचे बूट घातले आणि तिला कुणीही वळून पाहिले नाही.

म्युअर वूड्सला जाणारा रस्ता वळणावळणाचा आहे. ज्यांना गाडी लागते त्यांनी पोटभर खाऊन निघू नये. आत डबा उघडून जेवता येत नाही, फक्त पाणी नेता येते. आम्ही चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. ती परतीच्या वाटेवर दुसऱ्या बागेत बसून खाल्ली.

वाट सोडून आत शिरू नये. एक तर मुळे वरवर असल्याने पायाखाली दबतात आणि झाडाला इजा होते. दुसरे, कडेला पॉयझन ओक नावाची तीन-तीन पानांची वनस्पती असते. तिचा स्पर्श झाला तर अंगाला भयंकर खाज सुटून फोड येतात. पोरांना हे आधीच सांगावे. पान, फूल, फळ, काही तोडायचे नाही. कुत्रा नेता येत नाही.

सकाळी लवकर जावे. गर्दी कमी असते आणि धुके पाहायला मिळते. लहान मुलांसाठी तिथे ज्युनिअर रेंजर नावाचा उपक्रम आहे. पुस्तिकेतले प्रश्न जंगलात फिरून सोडवायचे, रेंजरला दाखवायचे, मग तो शपथ देऊन बिल्ला लावतो. आमच्या नऊ वर्षांच्या भाचीने सगळे प्रश्न सोडवले. एका प्रश्नात, जंगलात कोणते आवाज ऐकू येतात ते लिहायचे होते. तिने ओढा लिहिला, पक्षी लिहिला आणि आजीला विचारले. आजी म्हणाली, "पाणी टपकतंय वरनं, ते लिही." पाऊस नव्हता. ते धुक्याचे पाणी होते. तरुण कानांना जे ऐकू आले नाही ते म्हातारीने ऐकले, आणि भाचीने आजीचे नाव पुस्तिकेत घातले.

त्यानंतर आई रोज संध्याकाळी नातवंडांना घेऊन घराजवळच्या बागेत जाऊ लागली. तिथे तिला एक तेलुगू आजी आणि एक चिनी आजी भेटली. तिघींना एकमेकींची भाषा येत नाही, पण तिघी चालतात. गुडघे अजून दुखतात. डॉक्टरांचे औषध चालूच आहे. पण बहिणीच्या फोनवर हल्ली आईच जास्त बोलते.

आपल्या मुलांना आमचे सांगणे आहे. आई-वडिलांना तिकडे बोलावता, चांगली गोष्ट. त्यांना दुकाने दाखवता, मोठाले पूल दाखवता, तेही दाखवा. परंतु महिन्यातून एक सकाळ त्यांना झाडांखाली चालवा. त्यांच्या चालीने चाला, पुढे पळू नका. त्यांना इंग्रजी फलक वाचून मराठीत सांगा. ती आपली शाळा आहे असे समजा, कारण त्यांच्यापाशीही सांगायला बरेच आहे आणि ते घरात बसून निघत नाही.

आणि आजी-आजोबांना सांगणे असे की, भाषा येत नाही म्हणून अडून बसू नका. सरकारी जंगल म्हणजे सार्वजनिक जागा. तिकीट काढले की तिथली वाट जेवढी तिथल्या साहेबाची तेवढीच तुमची. कुणी हटकणार नाही. पहिल्या पुलापर्यंत चालायचे ठरवून निघा. पुढचे पुढे पाहू.